वेळापत्रकावर सही कोणाची?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सकाळी वर्गात गणित शिकवत आणि संध्याकाळी जिमखान्याची किल्ली त्यांच्याच खिशात असे. त्यामुळे कॉलेजातल्या खेळाडूचे शिक्षण हा विषय मी सुचवला तेव्हा कुणी आडकाठी केली नाही. उदाहरण मात्र मी अमेरिकेतले घेणार आहे, त्याचे कारण आधी सांगतो. आपल्याकडे कॉलेजचा खेळाडू अभ्यासात कुठवर पोचला आहे, हे बघणे कुणाचेच काम नाही. अमेरिकेत ते काम आहे. त्याला पगार आहे, कार्यालय आहे, जाडजूड नियमपुस्तक आहे. एखादे काम रीतसर उभे केल्यावर ते कसे बिघडते हे पाहायचे असेल, तर जिथे ते उभे आहे तिथेच जायला हवे.

विद्यापीठाचा खेळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मंडपाखाली बसलेले पन्नास प्रेक्षक आणि चहाची किटली येते. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात 1 लाख 7 हजारांहून जास्त माणसे बसतात, आणि मोसमातल्या शनिवारी ते मैदान भरते. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वांत वरचा आकडा राज्यपालांचा किंवा कुलगुरूंचा नसून सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो. या सगळ्यावर देखरेख करणारी संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए. तिचा जन्म मुलांच्या अभ्यासाच्या काळजीतून झालेला नाही. 1905 च्या मोसमात फुटबॉल खेळताना इतकी मुले दगावली की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना बड्या विद्यापीठांच्या मंडळींना बोलावून घ्यावे लागले. त्यातून 1906 मध्ये संघटना उभी राहिली आणि 1910 मध्ये तिला आजचे नाव मिळाले. अभ्यासाचे नियम नंतर आले, आणि बहुतेक वेळा काहीतरी अंगाशी आल्यावरच आले.

आता थोडे आकडे सहन करा, कारण सगळी गोष्ट या आकड्यांत अडकली आहे. वरच्या गटातल्या, म्हणजे डिव्हिजन वनमधल्या, खेळाडूला दर सेमिस्टरला किमान 6 क्रेडिट मिळवावी लागतात आणि दुसऱ्या वर्षात पाऊल टाकण्यापूर्वी 24. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा मुख्य विषय जाहीर करावा लागतो. तोवर त्या पदवीचा 40 टक्के भाग पुरा झालेला हवा, चौथ्या वर्षाच्या तोंडाशी 60 टक्के आणि पाचव्याच्या 80 टक्के. सरासरी गुणांकाची अट वेगळी. सराव आठवड्याला 20 तासांहून जास्त नसावा, असाही नियम आहे. प्रवास, मसाज, व्हिडिओ पाहणे आणि 'स्वेच्छेने' केलेला व्यायाम त्यात किती धरायचा, यावर तिथेही सगळे डोळे मिचकावतात.

नियम वाचताना शहाणपणाचे वाटतात. ते मुलाच्या अंगावर कसे येतात ते पाहा. समजा, एका मुलाने पहिल्या दोन वर्षांत 120 पैकी 55 क्रेडिट मिळवली. गडी खुशीत आहे. त्याला आता इंजिनीअरिंगला जायचे आहे. सल्लागार त्याची गुणपत्रिका काढतो आणि हिशेब करतो. इंजिनीअरिंगच्या पदवीला त्यातली 35 क्रेडिटच लागू पडतात. म्हणजे चाळीस टक्क्यांची रेघ चुकली आणि मुलगा मैदानाबाहेर. शिवाय प्रयोगशाळेचा तास दुपारी दोनला, सरावही दोनला. सल्लागाराच्या हाती अशा विषयांची यादी असते जिथे 55 च्या 55 क्रेडिट चालतात आणि दुपार मोकळी राहते. तो कुणावर सक्ती करत नाही. फक्त यादी पुढे सरकवतो. मग एकाच संघातली अर्धी मुले एकाच विषयात का सापडतात, याचा शोध घ्यायला पत्रकार लागत नाही. तिकडे याला क्लस्टरिंग म्हणतात.

मला जे म्हणायचे आहे ते इथेच आहे. पात्रता ही संस्थेची गरज असते, सल्ला ही मुलाची. दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली, आणि त्याचा पगार क्रीडा विभागातून निघू लागला, की पात्रता जिंकते. माणूस वाईट असावा लागत नाही. चांगला असला तर उलट लवकर जिंकते.

केव्हिन रॉस नावाचा बास्केटबॉल खेळाडू 1978 मध्ये नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठात आला. प्रवेशपरीक्षेत 36 पैकी 9 गुण. त्याच्या बरोबरीने आलेल्या मुलांची सरासरी 23 च्या पुढे. त्याला शिकवणी मिळेल, अभ्यासाला जोड दिली जाईल, असे सांगून आणले होते. प्रत्यक्षात बास्केटबॉलचे सिद्धान्त आणि नेमबाजी असले विषय त्याला घ्यायला लावले. त्याचे वाचन करून द्यायला, निबंध तयार करून टाइप करायला क्रीडा विभागाने एक सेक्रेटरी नेमली. हे सगळे त्याच्या दाव्यात नोंदलेले आहे. चार वर्षे तो खेळला, आणि खेळायला पात्र राहिला. शेवटी त्याच्या खात्यावर 128 पैकी 96 क्रेडिट होती, आणि वाचनाची पातळी सातवीतल्या मुलाची. मग शिकागोतल्या मार्व्हा कॉलिन्स यांच्या शाळेत हा उंचापुरा गडी लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला. त्या वर्षाचा खर्च क्रेटननेच केला.

पुढे त्याने विद्यापीठावर दावा लावला आणि 1992 मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने जो निकाल दिला तो प्रत्येक प्राचार्यांनी वाचावा असा आहे. शिक्षण चांगले दिले की वाईट, हे आम्ही तोलत बसणार नाही, असे न्यायालय म्हणाले, आणि रॉसचा तो मुद्दा फेटाळला. पण अमुक एक मदत देऊ असे ठरावीक वचन दिले असेल आणि ती मदत दिलीच नसेल, तर तो कराराचा भंग होऊ शकतो, तेवढा दावा पुढे चालू द्या. फट अगदी अरुंद आहे. तरी सल्ला आणि शिकवणी ही कृपा नसून देणे असू शकते, हे त्या फटीतून आत आले.

त्याच्या सहा वर्षे आधी जॉर्जिया विद्यापीठात जॅन केम्प यांचा खटला गाजला होता. त्या कच्च्या मुलांसाठीच्या विभागात इंग्रजीच्या प्रमुख होत्या. नऊ फुटबॉलपटू नापास असताना त्यांना वर ढकलले, कारण मोठा सामना तोंडावर होता. केम्प बोलल्या आणि नोकरीला मुकल्या. 1986 मध्ये ज्यूरीने त्यांना 25 लाख डॉलरच्या वर भरपाई दिली; रक्कम नंतर कमी झाली, पण कुलगुरूंना पायउतार व्हावे लागले. त्या खटल्यात विद्यापीठाच्या वकिलाने जो बचाव मांडला तो गुन्ह्याहून बोलका आहे. ही मुले पदवीधर होणार नाहीत कदाचित, पण लिहावाचायला शिकली तर कचरा उचलण्याऐवजी टपालखात्यात लागतील, अशा अर्थाचे ते म्हणाले. म्हणजे मैदान भरण्यापुरते मूल विद्यापीठाचे, आणि त्याच्या आयुष्याचा अंदाज बांधायचा तेव्हा टपालखात्याचा.

अशा प्रकरणांच्या काळातच प्रवेशाच्या दारावरचे नियम कडक झाले. 1983 मध्ये मंजूर झालेले आणि 1986 पासून लागू झालेले प्रपोझिशन 48 हे त्यांतले सर्वांत वादग्रस्त. शाळेतले ठरावीक 11 विषय, त्यांत ठरावीक सरासरी आणि सॅट परीक्षेत किमान 700 गुण. 1989 मध्ये त्याला आणखी पीळ दिला, तेव्हा जॉर्जटाउनचे कृष्णवर्णीय कोच जॉन थॉम्प्सन सामना सुरू होताना मैदान सोडून निघून गेले. परीक्षेचा गुण गरीब वस्तीतल्या शाळेची शिक्षा मुलाला देतो, हा त्यांचा आक्षेप होता. मला दोन्ही बाजू पटतात, आणि त्यामुळेच सांगतो की हा वाद दारापाशी अडकून राहिला. आत घेतलेल्या मुलाचे काय, हे कुणी तितक्या जोराने विचारले नाही. सॅटची अट तर 2023 मध्ये काढूनही टाकली.

आता नॉर्थ कॅरोलायना. चॅपल हिलचे हे विद्यापीठ 1795 मध्ये सुरू झालेले, अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरकारी विद्यापीठांपैकी एक. मायकेल जॉर्डन इथलाच. बास्केटबॉल जिंकायचे आणि शिकायचेही, हा या विद्यापीठाचा मोठा अभिमान. आफ्रिकन आणि आफ्रो-अमेरिकन अभ्यास विभागाचे प्रमुख होते ज्यूलियस न्यांगोरो. विभागाचे कार्यालय चालवत डेबोरा क्राउडर. त्या प्राध्यापक नव्हत्या. आपल्याकडे ज्याला ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणतात तशा.

1993 च्या सुमारास क्राउडरबाईंनी असे वर्ग सुरू केले जे भरतच नसत. हजेरी नाही, व्याख्यान नाही, प्राध्यापक नाही. सेमिस्टरच्या शेवटी एक निबंध द्यायचा. तो बाईच तपासत, म्हणजे प्रस्तावना आणि समारोप यांवर नजर फिरवत आणि ए किंवा बी देत. मुलाने निबंध खरेच लिहिला की कुठून उतरवला, हे बघितले जात नसे. हे 18 वर्षे चालले. माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टाइन यांचा अहवाल ऑक्टोबर 2014 मध्ये आला तेव्हा आकडा निघाला, 3,100 हून अधिक विद्यार्थी. विद्यापीठात खेळाडू चार टक्क्यांच्या आसपास, पण या वर्गांतल्या नोंदण्यांत त्यांचा वाटा 47 टक्के. 329 विद्यार्थ्यांची सरासरी किमान एका सेमिस्टरला या एका ग्रेडच्या टेकूवर 2.0 च्या वर राहिली होती.

बाईंनी यात पैसा खाल्ला नाही. याच विद्यापीठात शिकताना आपली आबाळ झाली, कुणी हात दिला नाही, ही त्यांची सल होती. अडलेल्या मुलाला मदत करायची, हे त्यांनी मनाशी पक्के केले होते. शिवाय बास्केटबॉलवर जीव. संघ हरला की कधीकधी दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर यायला जमत नसे, अशी नोंद अहवालात आहे. अशा बाई आपल्या प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात असतात आणि मुले त्यांना मावशी म्हणतात. परीक्षेचा फॉर्म चुकला तर त्याच धावून येतात. मला हे प्रकरण म्हणूनच जास्त भिववते. लाचखोराला पकडता येते. माया करणाऱ्याला कोण पकडणार?

आणि माया एकटी नव्हती. खेळाडूंचे अभ्यास-सल्लागार या वर्गांचे गिऱ्हाईक होते. कुठल्या मुलाला कुठला वर्ग आणि साधारण कुठला ग्रेड पुरेल, याची देवघेव ईमेलवर चालली. एका प्रसंगी क्राउडरबाईंनीच विचारले की या निबंधाला संदर्भ नाहीत, विषयाशी संबंध नाही, तर डी चालेल ना? उत्तर आले, चालेल, तेवढेच हवे आहे. उत्तर देणाऱ्या व्यक्ती त्याच विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवत होत्या. 2009 मध्ये क्राउडरबाई निवृत्त होणार हे कळल्यावर फुटबॉलच्या सल्लागारांचे धाबे दणाणले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी कोच मंडळींपुढे एक स्लाइड ठेवली. आपण मुलांना अशा वर्गांत घालत होतो जिथे त्यांना जावे लागत नसे, टिपणे काढावी लागत नसत, जागे राहावे लागत नसे. असे वर्ग आता उरलेले नाहीत. त्या सेमिस्टरला फुटबॉल संघाची सरासरी दहा वर्षांतली नीचांकी ठरली. सल्लागारांचे खरे काम काय होते ते त्या एका स्लाइडवर लिहिलेले आहे.

बोलले कोण? वाचनतज्ज्ञ मेरी विलिंगहॅम. विद्यापीठाने प्रवेश दिलेल्या काही खेळाडूंना नीट वाचताच येत नाही, असे त्या सांगत राहिल्या. रॉली शहरातल्या 'न्यूज अँड ऑब्झर्व्हर' दैनिकाचे डॅन केन गुणपत्रिका शोधत मागे लागले. विलिंगहॅम यांच्या आकडेवारीवर विद्यापीठाने आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, आणि त्यांतल्या काहींत तथ्य होते. पण आकड्यांवर वाद घालता घालता मूळ तक्रार बाजूला पडावी, ही युक्तीही जुनीच. 2014 मध्ये त्या बाहेर पडल्या. आणखी एक गोष्ट मला खुपते. हा विभाग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी मागून, झगडून मिळवलेल्या ज्ञानशाखेचा. तिथे मनापासून शिकवणारे आणि शिकणारे होते. त्यांच्या पदवीला डाग लागला तो, बहुसंख्य कृष्णवर्णीय असलेल्या संघांना 'मदत' करण्याच्या नावाखाली.

निकाल तर गमतीदार आहे, हसू येत असेल तर. 13 ऑक्टोबर 2017 रोजी एनसीएएच्या समितीने सांगितले की शैक्षणिक नियमभंग झाला असा निष्कर्ष आम्हाला काढता येत नाही. वर्ग खेळाडूंपुरते नव्हते, सगळ्यांना खुले होते, त्यामुळे तो खास लाभ ठरत नाही. आणि वर्ग खरा की खोटा हे ठरवणे विद्यापीठाचे काम, आमचे नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेपुढे याच विद्यापीठाने झाल्या प्रकाराला शैक्षणिक लबाडी म्हटले होते आणि त्यापायी 2015 मध्ये एक वर्षाचे प्रोबेशन सोसले होते. एनसीएएपुढे मात्र, ते शब्द नजरचुकीने गेले, असा पवित्रा घेतला. 2005 आणि 2009 ची विजेतेपदे जागच्या जागी राहिली. न्यांगोरोंना चौकशीला सहकार्य न केल्याबद्दल पाच वर्षांचे निर्बंध. संपले.

पुष्कळांनी एनसीएएला शिव्या घातल्या. मी थोडे वेगळे म्हणेन. समितीने नियमाप्रमाणे बरोबर सांगितले: अभ्यासाचा दर्जा ही विद्यापीठाची जबाबदारी. 1992 चे न्यायालय तेच म्हणाले होते. प्रत्येक दरवाजा पुढच्या दरवाजाकडे बोट दाखवतो, आणि शेवटचा दरवाजा वेळापत्रक भरणाऱ्या सल्लागाराचा असतो. त्याला 'नाही' म्हणता येईल अशी जागा हवी. त्याची नेमणूक, पगार, बढती आणि गोपनीय अहवाल कोचच्या सावलीबाहेर, थेट शैक्षणिक प्रमुखांकडे हवा. मूल आले त्या आठवड्यात त्याचे वाचन तपासलेले हवे, आणि विषय बदलल्याने पात्रता जात असेल तर ते त्याला लेखी सांगून निर्णय त्याच्यावर सोडलेला हवा. एनसीएए प्रत्येक सदस्य संस्थेला एक प्राध्यापक-प्रतिनिधी नेमायला लावते, ती जागाही याचसाठी आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र हा प्राध्यापक सामन्याच्या तिकिटांचा मानकरी होऊन बसतो.

शिक्षा व्हायला लागली की काहीच सुधारत नाही, असेही नाही. अकॅडेमिक प्रोग्रेस रेट नावाचे माप 2004 पासून आले. दर सेमिस्टरला खेळाडू पात्र राहिला तर एक गुण, कॉलेजात टिकला तर एक. संघाचा आकडा ठरावीक रेघेखाली गेला की राष्ट्रीय स्पर्धेला मुकायचे. कनेटिकटचा नामांकित बास्केटबॉल संघ 2013 मध्ये असाच घरी बसला, आणि पुढच्याच वर्षी विजेता झाला. ही धास्ती कामाची आहे. पण हे मापही पात्रता मोजते. मूल काय शिकले याला त्यात रकाना नाही, आणि नॉर्थ कॅरोलायनातले न भरणारे वर्ग या मापात उत्तम बसले असते.

आता घराकडे वळतो, थोडक्यात. आपल्याकडे एवढा पैसा नाही, त्यामुळे एवढी मोठी लबाडीही नाही. आपली तऱ्हा निराळी. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी खोटी प्रमाणपत्रे काढणाऱ्यांची प्रकरणेही बाहेर आली आहेत. म्हणजे कागदाची किंमत आपल्यालाही कळते. पण 'अश्वमेध' क्रीडा महोत्सवाला किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलेली खो-खोची मुलगी परत येते तेव्हा तिची अंतर्गत परीक्षा होऊन गेलेली असते. मी पाहिलेल्या एका कॉलेजात अशी मुलगी विभागप्रमुखांकडून जिमखान्यात, तिथून परीक्षा विभागात आणि परत विभागप्रमुखांकडे, हातात सहभागाचे प्रमाणपत्र घेऊन हिंडत होती. प्रत्येकजण चांगला बोलला. तिला एटीकेटी लागली. सत्काराच्या बातमीत मात्र कॉलेजचे नाव ठळक होते.

आपली परंपरा मोठ्या मनाच्या माणसांची आहे. खाशाबा जाधवांना 1952 मध्ये हेलसिंकीला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. अशा माणसापुढे हात जोडावेत. पण नियम म्हणून घर गहाण टाकता येत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात खेळालाही क्रेडिट आली आहेत आणि क्रेडिटची बँकही आली आहे. म्हणजे खेळाडूच्या क्रेडिटचा हिशेब ठेवणारे टेबल लवकरच आपल्याकडेही मांडले जाईल. ते जिमखान्यात मांडायचे की परीक्षा विभागाशेजारी, हे आत्ताच ठरवता येईल. माझे मत दुसऱ्या जागेला आहे.

अमेरिकेत तर या टेबलापुढची रांग वाढली आहे. 2024 पासून अभ्यासाच्या अटी पाळणाऱ्या खेळाडूला हवे तितक्या वेळा विद्यापीठ बदलता येते. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसेही देतात, वरची मर्यादा पहिल्या वर्षाला एका विद्यापीठामागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. पैसा मिळाला याचा मला आनंदच आहे. इतकी वर्षे तो इतरांच्या खिशात जात होता. पण चार वर्षांत तीन विद्यापीठे फिरलेल्या मुलाची क्रेडिट प्रत्येक ठिकाणी थोडी थोडी गळतात. नव्या जागी पोचला की 40, 60, 80 टक्क्यांचा हिशेब त्या विद्यापीठाच्या पदवीवर मांडला जातो. तो हिशेब पूर्वीप्रमाणेच सल्लागार मांडतो, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचा पगार अजून क्रीडा विभागातूनच निघतो.